यालापिन्याच्या अलीकडे

अनली, अ‍ॅडलेड
२ जून १९८७

प्रिय मिसेस क्रॉथर्स,

आपली ओळख नसताना पत्र लिहीत आहे, क्षमा असावी. मी लॉर्ना नॅनकिव्हेल, जिलियनची आई. आपला नातू कॉलिन आणि आमची जिलियन यांनी लग्न करायचे ठरवले आहे हे आपल्याला कळले असेलच. कॉलिन हा सरळ मुलगा आहे. त्याच्या बुटांना नेहमी लाल माती असते, तेवढे एक सोडले तर माझी काही तक्रार नाही.

लग्न १२ सप्टेंबर, शनिवारी, आमच्या इथल्या चर्चमध्ये होईल. कॉलिनला आपणच लहानाचे मोठे केलेत, तेव्हा त्याच्या बाजूने पहिल्या बाकावर आपणच बसायचे आहे. आपल्यासाठी चर्चजवळच्याच हॉटेलात खोली सांगून ठेवली आहे. कॉलिन म्हणतो, "आजी येणार नाही." मी त्याला म्हटले, असे कसे होईल, नातवाच्या लग्नाला आजी येत नाही असे कुठे असते का?

आपल्या गावाहून सकाळची बस सोयीची की दुपारची, ते कळवावे. आणखी एक. मी फिकट जांभळा पोशाख शिवायला टाकला आहे. आपला रंग वेगळा असलेला बरा, नाही तर फोटोत दोघी पडद्यासारख्या दिसू.

आपली,
लॉर्ना नॅनकिव्हेल


यालापिना थांबा
१३ जून

प्रिय मिसेस नॅनकिव्हेल,

तुमचं पत्र टपालाच्या ट्रकनं आलं. ट्रकवाल्या डर्कनं ते आधी उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाला, "कागद भारीतला आहे, एल्वा. कोणी मेलं की काय?"

सकाळची बसही सोयीची नाही आणि दुपारचीही नाही, कारण इथे बसच नाही. गावही नाही. एक घर आहे, त्यात मी. एक पाण्याची टाकी, एक पत्र्याची शेड आणि नावाची पाटी. पूर्वी इथून रोज गाड्या जायच्या, माझा नवरा बर्ट या लाइनीवर मुकादम होता. मग सरकारनं नवी लाइन दुसरीकडून नेली आणि आम्हाला इथे ठेवलं. आता पोर्ट हार्वीचं ते जुन्या गाड्यांचं हौशी मंडळ आहे ना, त्यांची वाफेची गाडी तेवढी येते. तीही थंडीच्या दिवसांत, एप्रिल ते सप्टेंबर. उन्हाळ्यात इंजिनाची एक ठिणगी उडाली तरी अर्धा मुलूख पेटेल. गाडी माझ्या टाकीवर पाणी पिते, गाडीतली माणसं माझ्या शेडमध्ये चहा पितात आणि फोटो काढून जातात.

लग्नाला मला जमणार नाही. कोंबड्या आहेत, बकऱ्या आहेत, त्यांना कोण बघणार? माझे आशीर्वाद आहेत. तुम्ही खुशाल जांभळं घाला, मी मध्ये येत नाही.

सोबत क्वांडाँगच्या रानफळांचा मुरंबा पाठवते. बी गिळू नका, दात जाईल.

एल्वा क्रॉथर्स


अनली
२४ जून

प्रिय मिसेस क्रॉथर्स,

मुरंबा पोचला. माझ्या यजमानांनी, केनने, तो दोन दिवसांत चमच्याने संपवला. मला चाखायलाही उरला नाही.

आता स्पष्टच लिहिते. कोंबड्यांसाठी कोणी नातवाचे लग्न चुकवत नाही. जिलियनला मी विचारले, "त्या बाईंना तू आवडली नाहीस का?" ती म्हणाली, "आई, काहीतरीच काय!" पण ईस्टरला ती आपल्याकडे येऊन गेली तेव्हा काही झाले असेल तर मला कळायला हवे. ती जरा मोठ्याने हसते, हे मला माहीत आहे. पण मनाची चांगली आहे. आणि आम्ही शहरातले म्हणून नाक वर असलेले, असे काही आपल्या मनात असेल तर तेही लिहावे. आमचे आजोबा खाणीत राबले आहेत.

कॉलिन नीट जेवत नाही. दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. हे मला बघवत नाही.

लॉर्ना नॅनकिव्हेल


यालापिना
४ जुलै

मिसेस नॅनकिव्हेल,

तुमच्या पोरीबद्दल माझ्या तोंडात एक वावगा शब्द घालू नका! ईस्टरला ती आली तेव्हा माझी थोरली बकरी स्वयंपाकघरात शिरून पाव खात होती. तुमच्या जिलनं तिला शिंगाला धरलं आणि थेट अंगणात नेऊन सोडलं, वर तिची माफीही मागितली. त्याच क्षणी मी कॉलिनला म्हटलं, हिला सोडलंस तर घरात घेणार नाही तुला. मोठ्यानं हसते म्हणता? इथे अंतर लांब असतं. मोठ्यानंच हसावं लागतं.

तुम्ही स्पष्ट लिहिलंत म्हणून मीही लिहिते. कोंबड्यांचं खोटं आहे. पर्ल त्यांना बघू शकते. पर्ल आणि तिचा नवरा अल्बी पलीकडच्या पाणवठ्याशी राहतात. हा मुलूख त्यांच्या लोकांचा, माझ्या कितीतरी आधीपासूनचा. पर्ल आणि मी एका वयाच्या. चाळीस वर्षं आम्ही एकमेकींना शिव्या घालतोय.

खरं असं आहे. बर्टला पोर्ट ऑगस्टाच्या इस्पितळात नेलं तेव्हा मी सोबत गेले. परत येताना शेजारची जागा रिकामी होती. तो सगळा रस्ता मी त्या जागेकडे बघत आले. त्यानंतर मी इथून कुठे गेले नाही. जायचं म्हणून ट्रकमध्ये चढते, आणि दार लागलं की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. मग उतरते. पर्ल म्हणते, "तू म्हणजे टाकीचा नळ झालीस, हलतच नाहीस." बरोबर आहे तिचं. मला हसू येतं त्यावर, पण ट्रकमध्ये बसवत नाही.

हे कॉलिनला सांगू नका. त्याला वाटू दे आजी हट्टी आहे. ते जास्त बरं.

एल्वा


अनली
२१ जुलै

प्रिय एल्वा,

नावाने हाक मारते आहे, चालेल ना?

मी कॉलिनला काहीही सांगितले नाही. शब्द पाळला. फक्त जिलला सांगितले. तिने कॉलिनला सांगितले, आणि त्यात चहाचे पाणी उकळण्याइतकाही वेळ गेला नसेल.

रविवारी दोघे हातात हात घालून आले आणि माझ्या समोर बसले. कॉलिन म्हणाला, "आई, लग्न यालापिन्याला." मी म्हटले, "कुठे?" जिल म्हणाली, "आजी येऊ शकत नाही ना, मग आपण जायचं. सगळ्यांनी. वाफेच्या गाडीनं." त्यांनी मंडळाला विचारूनसुद्धा झाले होते! मंडळाची माणसे स्वतःचीच लग्ने असल्यासारखी नाचत आहेत म्हणे. आमच्या चर्चचे रेव्हरंड तरी नाही म्हणतील, अशी आशा होती. ते तर उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "लॉर्ना, मला इंजिनात बसू देतील का?"

मी रडले. चर्चची फुले सांगून झाली होती. मग केन म्हणाला, "लॉर्ना, फुलं तिकडे येत नाहीत का?" या माणसाला मी तीस वर्षे ओळखते आणि तो पहिल्यांदा कामाचे बोलला.

आता मला लगेच कळवा. सावली आहे का? सत्तर माणसे बसतील कुठे? माश्या असतात का? साप असतात का? संडास किती? केक वितळेल का? लाल धूळ जांभळ्या कापडावरून निघते का?

तुमची (घाबरलेली)
लॉर्ना


यालापिना
३० जुलै

लॉर्ना,

सत्तर माणसं!

तुझं पत्र वाचून मी रेडिओवर पर्लला हाक मारली आणि ओरडले, "सत्तर माणसं, एक संडास!" इथला रेडिओ सगळ्यांचा एकच, विमानानं येणाऱ्या डॉक्टरांना बोलवायचा. त्यामुळे पार सीमेपर्यंतच्या मेंढपाळांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत चौघांनी संडास खणून देऊ म्हणून निरोप दिला. एकानं विचारलं, नवरी कशी आहे, तिला बहीण आहे का?

मी चिडले होते. दोन दिवस चिडून शेडला चुना फासला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी गाणं म्हणतेय. तेव्हा आता राग संपला असं धर.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. सावली शेडची. बसायला रुळांखालचे जुने लाकडी ठोकळे, वर घोंगड्या टाकू. माश्या असतात, त्या तुला विचारून बसणार नाहीत. साप सप्टेंबरात नुकते जागे होतात, तेही आपल्यासारखेच आळसावलेले असतात. संडास आता पाच. केक तू आण, पण माझ्या बकऱ्यांपासून सांभाळ. धूळ निघत नाही. इथे आलं की सगळे एकाच रंगाचे होतात.

मेंढीच्या दहा मांड्या भाजायच्या ठरल्यात, सोबत बटाटे, भोपळा आणि मांसाच्या रसाची ग्रेव्ही. माझी ग्रेव्ही खाऊन मंडळाचा गार्ड एकदा गाडी सोडायची विसरला होता.

एक काळजी आहे. तुम्ही येताना माझ्या अलीकडे किटली नावाचा ओढा लागतो. वर्षानुवर्षं कोरडा आहे, मेंढपाळांची पोरं त्यात क्रिकेट खेळतात. पण डोंगरात पाऊस पडला तर तो लाइनीखालची माती खातो. सध्या आभाळ स्वच्छ आहे. तरी सांगून ठेवते.

आणि विहीणबाई, तुला तू म्हटलं. मी मोठी आहे, चालतं.

एल्वा


अनली
३ सप्टेंबर

प्रिय एल्वा,

केक तीन डब्यांत भरला आहे. एक डबा माझ्या मांडीवर, एक केनच्या, एक रेव्हरंडांच्या. माझ्या बहिणीने विचारले, "लॉर्ना, तू नक्की जाणार?" तिने असे का विचारले ते मला माहीत आहे. मी आजवर पोर्ट पिरीच्या पलीकडे गेलेले नाही. जिलला परदेश दाखवायचे म्हटले तेव्हाही मी तिला तिच्या बाबांबरोबर पाठवले आणि स्वतः पडदे धुतले. मला घडी घातलेल्या गोष्टी आवडतात. तुम्ही ट्रकमधून उतरता, मी चढायचेच टाळते. फरक एवढाच.

पण मी येते आहे. टोपीला मोठी पिन लावली आहे.

तुमची,
लॉर्ना

ता. क. रेडिओवर डोंगराकडे ढग असल्याचे सांगत आहेत. ते तुमच्याकडचे डोंगर नव्हेत ना?


अनली
१९ सप्टेंबर

प्रिय एल्वा,

आठवडा झाला आणि मी अजून लोकांना थांबवून थांबवून सांगते आहे. खाटकाला सांगून झालं. आता तुम्हाला सांगते, कारण गाडीत काय झालं ते तुम्ही पाहिलं नाहीत आणि ओढ्यात काय झालं तेही नाही. तुमचे डोळे मिटलेले होते.

पोर्ट हार्वीला गाडी उभी होती तेव्हाच माझी पहिली किंचाळी झाली. इंजिनात कोळसा टाकणारा, काजळीनं काळाकुट्ट झालेला माणूस केनकडे बघून म्हणाला, "कसे आहेत दात?" तो आमचा दातांचा डॉक्टर निघाला! इतकी वर्षं त्या माणसानं आमच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि शनिवार-रविवारी तो हे करतो, हे कधी बोलला नाही. "बोलणार कसा," तो म्हणाला, "तुमची तोंडं उघडी असायची, गप्पा कुठे मारता येतात?"

डबे लाकडी, खिडक्या पट्ट्याला धरून खाली सोडायच्या. मी माझी सोडली नाही. धूर येईल म्हणून. घाट चढला तेव्हा डबा असा हलत होता की केकचा डबा मी पोरासारखा धरून बसले होते. मग घाट संपला आणि पलीकडे उघडं मैदान आलं. एल्वा, तुम्ही मला का सांगितलं नाहीत? तुम्ही धूळ, माश्या, साप सगळं सांगितलंत. डोंगरात पाऊस पडून गेल्यावर जमीन अशी होते, हे का नाही? लाल मातीवर पिवळी, पांढरी फुलं, आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना, जिथवर नजर जाईल तिथवर, जांभळं. माझ्या पोशाखाच्या रंगाचं! गार्ड म्हणाला, "ते तण आहे, बाई." मी म्हटलं, "असू दे. मीही तणच."

मी खिडकी खाली सोडली. डोकं बाहेर काढलं. एमूंची एक टोळी गाडीबरोबर धावत होती, परकर वर धरून पळणाऱ्या बायकांसारखी. मी हसायला लागले आणि टोपी गेली. पिनेसकट. केन म्हणाला, "साखळी ओढू?" मी म्हटलं, "राहू दे, एमूला होईल." जिल माझ्याकडे बघतच राहिली. "आई," ती म्हणाली, "तू मोठ्यानं हसतेस!"

तेवढ्यात गाडी थांबली.

ओढा वाहत होता. पूर उतरला होता, पण पलीकडच्या काठाची माती गेली होती आणि रूळ हवेत लोंबत होते. ड्रायव्हर रेग खाली उतरला, इकडून पाहिलं, वाकून पाहिलं, आणि टोपी काढली. "पुढे नाही जायचं. यालापिना अजून बरंच लांब आहे." जिल डब्याच्या पायरीवर बसली, पांढरा पोशाख गुडघ्यांत गोळा करून. रेव्हरंड हळूच म्हणाले, "लग्न इथेही लावता येईल. देवाला अंतराची अडचण नाही."

कॉलिन म्हणाला, "मला आहे. आजीशिवाय नाही."

गार्डनं रेडिओवरून तुम्हाला कळवलं. तुमचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "तिकडेच उरका. माझ्यासाठी थांबू नका." मग खरखर. कॉलिन ओढ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "केक खातोस?" तो नको म्हणाला. जिल म्हणाली, "मग आपण थांबू. पाणी उतरेपर्यंत. उद्या, परवा. गाडी आहे, केक आहे." आणि सत्तर माणसांपैकी एकानंही घड्याळ पाहिलं नाही, हे मी नीट पाहिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. दाताचा डॉक्टर इंजिनावर चढला होता, तो ओरडला, "लाइनीवर काहीतरी येतंय!" आधी नुसता ठिपका. मग रुळावरून फटफट करत येणारी ती लहानशी ट्रॉली, पुढे अल्बी, मागे पर्ल, आणि मध्ये पातेल्यांच्या ढिगात तुम्ही, मांडीवर एक मोठं भांडं घट्ट धरून.

कॉलिन पाण्यात शिरला तेव्हा त्याला कोणी अडवलं नाही. अडवलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं. पलीकडे पोचून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण तुम्ही त्याच्या पाठीवर चढलात. एका हातानं त्याचा गळा, दुसऱ्या हातात ते भांडं, डोळे गच्च मिटलेले. पाणी त्याच्या कमरेपर्यंत. मध्यावर आल्यावर तो एका दगडावरून घसरला, भांडं तिरकं झालं, आणि तुम्ही ओरडलात, "ग्रेव्ही! माझी ग्रेव्ही धरा कोणीतरी!"

तेव्हा मी पाण्यात होते. कधी उतरले ते आठवत नाही. नवे बूट, फिकट जांभळं सगळं, मांड्यांपर्यंत गार पाणी. मी ते भांडं दोन्ही हातांनी घेतलं. तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "तू लॉर्ना. झाकण घट्ट धर."

विहिणींची पहिली भेट अशी झाली, आणि काठावर सत्तर माणसं टाळ्या वाजवत होती.

एक विचारायचं आहे. तुम्ही रेडिओवर नाही म्हणालात. मग ट्रॉलीवर बसलात कशा? त्या दिवशी नाच, जेवण, फोटो, रडणं यात विचारायचं राहिलं. सांगायचं नसेल तर राहू दे.

तुमची,
लॉर्ना


यालापिना
३० सप्टेंबर

लॉर्ना,

सांगते की. त्यात लपवायचं काय?

रेडिओ बंद केला आणि खुर्चीवर बसले. शेड सजवलेली, घोंगड्या अंथरलेल्या, मेंढीच्या मांड्या भट्टीतून काढलेल्या. पर्ल म्हणाली, "झालं? रडून झालं की सांग." मी म्हटलं, "रडत नाहीये." ती म्हणाली, "मग ऊठ. अल्बीनं बर्टची ट्रॉली काढलीय." मी म्हटलं, "मला नाही जमणार, पर्ल. तुला माहीत आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता नेहमीसारखी शिवी देईल. तर म्हणाली, "तुला कोण नेतंय? जेवण न्यायचंय. माणसं उपाशी आहेत. मी आणि अल्बी जेवण घेऊन जातो."

त्यांनी सगळं ट्रॉलीवर चढवलं. मी शेडच्या दारात उभी. ग्रेव्हीचं भांडं शेवटी राहिलं. अल्बीनं ते इकडे ठेवून पाहिलं, तिकडे ठेवून पाहिलं, डोकं खाजवलं. "हे कोणीतरी मांडीवर धरायला हवं. पर्ल धरेल, पण ती वाटेत खाईल." पर्ल म्हणाली, "खाणारच."

आता तू मला ओळखतेस. सकाळपासून ढवळलेली ग्रेव्ही मी पर्लच्या हातात देईन का? मी चढले. म्हटलं, पहिल्या वळणापर्यंत बघते, मग उतरेन. छातीवर बसायचं ते आलं. अगदी आलं, तुला खोटं सांगत नाही. पण भांडं हिंदकळत होतं. एक डोळा झाकणावर, एक रुळाच्या सांध्यांवर. प्रत्येक सांध्याला मी भांडं उचलायची आणि मग खाली घ्यायची. पर्ल पाठीमागून माझ्या खांद्यावर हात ठेवून होती, आणि तिनं एकदाही माझी थट्टा केली नाही. यावरून तुला कळेल परिस्थिती किती गंभीर होती ते.

बरंच पुढे गेल्यावर अल्बी म्हणाला, "वळण मागेच गेलं, एल्वा." मी म्हटलं, "गप बस आणि चालव."

ओढा दिसला, तुमची गाडी दिसली, वाफ काढत उभी, आणि काठावर तो. माझा पोरगा. इतका लहान दिसत होता पलीकडून. मग तो पाण्यातून आला आणि म्हणाला, "आजी, चढ." मी म्हटलं, "मी जड झालेय." तो म्हणाला, "मी लहान होतो तेव्हा तू मला याच ओढ्यातून नेलंस ना? आता माझी पाळी." पुढचं तू पाहिलंस.

लग्नाबद्दल मी काय लिहू? रेव्हरंड इंजिनाच्या पायरीवर उभे, तोंडाला काजळी. नवरी ओल्या पायांनी. आणि "मान्य आहे" म्हणायच्या वेळी रेगनं शिट्टी अशी वाजवली की गुलाबी काकाकुव्यांचा थवाच्या थवा झाडांवरून उठला, आणि कॉलिनचं उत्तर कोणाला ऐकूच आलं नाही. रेव्हरंडांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला. म्हणजे दोनदा लागलंय लग्न, आता सुटका नाही.

तुझा केन बरा नाचतो. पर्ल म्हणते, "परत पाठव."

मी ट्रॉलीवरून परत आले. येताना भांडं रिकामं होतं आणि मांडीवर धरायला काही नव्हतं. तरी आले. झोप लागली गं लॉर्ना. वाटेत चक्क झोपले.

एल्वा


अनली
१६ फेब्रुवारी १९८८

प्रिय एल्वा,

जिल म्हणाली की पर्लनं रेडिओवरून निरोप दिला. तुम्ही गेल्या आठवड्यात डर्कच्या ट्रकमध्ये बसलात, पहिल्या फाटकापर्यंत गेलात आणि उतरून चालत घरी आलात. पर्लला वाटलं मला वाईट वाटेल. मी स्वयंपाकघरात एकटीनं गिरकी घेतली. पहिलं फाटक!

एप्रिलमध्ये वाफेची गाडी परत सुरू होते आहे. ओढ्याकडची लाइन मंडळानं पक्की बांधली. हंगामातली पहिली गाडी यालापिन्याहून परतताना तिच्यात तुमच्यासाठी खिडकीची जागा राखून ठेवायला सांगितली आहे. पोर्ट हार्वीला मी आणि केन घ्यायला येतो.

कारण काही नाही. कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न नाही, जिलकडेही अजून काही विशेष नाही (विचारू नका, ती चिडते). तुम्ही जेव्हा जेव्हा तिथून निघालात तेव्हा काहीतरी मोठं कारण होतं. या वेळी नुसत्या या. आपण बागेत बसू, कंटाळा आला की आत बसू.

पर्लला आणा. तिच्यासाठीही जागा सांगितली आहे. केन नाचाचे बूट पुसतो आहे.

नाही जमलं, तर मी येईन. मला आता पोर्ट पिरीच्या पलीकडचा रस्ता माहीत आहे.

लॉर्ना


गाडीत
१६ एप्रिल १९८८

लॉर्ना,

हे पत्र टपालात पडणार नाही. मीच तुझ्या हातात देणार. तरी लिहितेय, कारण काहीतरी करत बसलेलं बरं. शिवाय इतक्या पत्रांची सवय लागलीय, तुला तोंडानं काय काय सांगायचं ते सुचणार नाही.

अक्षर वाईट आहे. गाडी हलते.

निघताना माझं घर खिडकीतून पाहिलं. इतकी वर्षं आत बसून गाड्या पाहिल्या, गाडीत बसून घर पहिल्यांदाच पाहिलं. केवढंसं आहे! समोर मेलबर्नचं एक जोडपं बसलंय. तो माणूस बाहेर बघून बायकोला म्हणाला, "इथे कोण राहत असेल?" मी म्हटलं, "एक म्हातारी राहते. जरा सटकलेली आहे, पण चहा बरा करते." पर्ल इतकी हसली की तिला खोकला लागला. त्यांना अजून कळलेलं नाही. पोर्ट हार्वीला सांगेन.

बकऱ्या अल्बीकडे. जाताना त्याला दहा सूचना दिल्या. त्यानं एकही ऐकली नाही.

मधल्या स्टेशनावर एका बाईनं खिडकीतून चहा आणि स्कोनचे गोड पाव दिले. म्हणजे मी देणारी, आणि कोणी मलाच देतंय! स्कोन दगडासारखे होते. मी दोन खाल्ले.

छातीचं म्हणशील, तर निघताना आलं होतं. मग तुमचा तो दाताचा डॉक्टर कोळशानं माखलेला डब्यात आला आणि म्हणाला, "मिसेस क्रॉथर्स, शिट्टी वाजवायची का?" मी म्हटलं, "मला जागेवरून उठायचं नाही." तो म्हणाला, "दोरी लांब आहे, इथपर्यंत आणतो." खोटं बोलत होता, दोरी मुळीच लांब नव्हती. पण तोवर मी उठून त्याच्यामागे चालायला लागले होते. मग वाजवली. दोनदा. रेग म्हणाला, "पुरे, एल्वा, वाफ संपेल." मी आणखी एकदा वाजवली.

आता घाट उतरतोय. पर्ल तोंड उघडं टाकून झोपलीय. उन्हं कलली आहेत, डोंगराची सावली मागे पडतेय. सगळे उठून एका बाजूच्या खिडक्यांशी चाललेत, ती मेलबर्नची बाई मला म्हणतेय, "या ना, इकडून चांगलं दिसतं." काय दिसतं म्हणून मान वळवली तर लांब खाली, दोन टेकड्यांच्या फटीत, निळं. नुसतं निळं, रुंद होत चाललेलं.

समुद्र आहे, लॉर्ना. मी पर्लला उठवते.